पंच नंबर दोन

"तीन वाक्यं हाईत, मुरलीशेठ. चौथं बोलायचं न्हाई," खरमाटे हवालदार म्हणाले आणि कोर्टाचं समन्स त्यांनी माझ्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर ठेवलं. "एक, पंचनाम्याला मी जागेवर हजर हुतो. दोन, बांगड्यांचा चुरा डांबरावर, रस्त्याच्या मधोमध पडला हुता. तीन, सही माझीच हाय. झालं. दुपारच्या जेवणाला तुम्ही घरी."

मी समन्स दोनदा वाचलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, जिल्हा कोर्ट. अर्जदार जैनबी मणेर. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव, मुरलीधर कोष्टी, पंच नंबर दोन. कागदावर स्वतःचं नाव एवढं ठळक मी लग्नपत्रिकेनंतर प्रथमच पाहत होतो.

"पण हवालदारसाहेब, मी कुठं गेलो होतो तिथं?"

"आजवर कुठं गेलाय तुम्ही?" ते हसून म्हणाले.

ते खरंच होतं. माझं पत्र्याचं दुकान पोलीस ठाण्याच्या अगदी समोर. ठाण्यात पंचनामा लिहून झाला की शिपाई रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचा, मी ग्राहकाच्या प्रती काढता काढता सही ठोकायचो. चोरी, मारामारी, आग, विहिरीत पडलेली म्हैस, तालुक्यात काहीही घडो, मी हजर. देवाला जमलं नाही ते मला जमलं होतं. बदल्यात माझं दुकान नगरपालिकेच्या गटारावर उभं आहे हे कुणी बघत नव्हतं. कुणाचं नुकसान करतोय असं मला कधी वाटलं नाही. कागद लागतो, कागदाला सही लागते, एवढीच माझी अक्कल. अशा माझ्या एक्केचाळीस सह्या झाल्या होत्या आणि कोर्टात मात्र एकदाही बोलावणं आलं नव्हतं.

"पंच नंबर एकला न्या की. दत्तू साळीला."

"दत्तू काविळीनं गेला न्हवं का श्रावणात? आता तुमीच." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "नीट ऐका. गाडी जयसिंगआप्पांची, नगरपालिका ज्यांच्या शब्दावर चालती त्यांची. चालवत हुता पुतण्या, संग्राम. गाडीचा विमा दोन म्हैने आधीच सरलेला. म्हंजी भरपाई कंपनी देणार न्हाई, आप्पांनी द्यायची. बांगडीवाली बाई रस्त्याच्या कडंनं चालली हुती असं ठरलं तर आप्पा पुरते बुडाले. बाई मधूनच चालली हुती असं ठरलं, तर चूक तिची, भरपाईला कात्री. आन् ती कडंला हुती का मधी, हे कशावरनं ठरणार? बांगड्या कुठं फुटल्या त्यावरनं. म्हंजी तुमच्या कागदावरनं."

"आणि मी नव्हतो म्हणालो तर?"

खरमाटे उठले. टोपी नीट केली. "तर एक्केचाळीस कागद बाहेर निघतील, मुरलीशेठ. पंचायतीतलं पंच न्हवं तुमी, कायद्यातलं. खोट्या सहीला जेल हाय. माझी तर नोकरी जाईल. पर मी एकटा बुडणारा माणूस न्हाई."

त्या दिवशी मी एकाच सातबाऱ्याच्या अकरा प्रती काढल्या. गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा भानावर आलो.

घरी बायकोला, विमलला, सांगायचं नव्हतं. पण पानातली भाकरी तशीच राहिली की तिला सांगावं लागत नाही. सगळं तिनं ऐकून घेतलं. मग तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"ह्या जैनबीनंच भरल्यात. टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायची बिचारी. ओल्या बाळंतिणीचा हात असो नाहीतर म्हातारीचा, एक बांगडी कधी टिचली नाही तिच्या हातून." तिनं हात खाली घेतले. "डावा पाय गुडघ्याखालून कापलाय तिचा. नवरा कधीच गेला, दोन पोरी आहेत पदरात. चालणं हाच धंदा होता हो तिचा. आता त्या भरपाईवरच आहे सगळं."

"मला काय माहीत होतं सही करताना?"

"वाचलं असतंत तर कळलं असतं," विमल म्हणाली.

आठ दिवसांनी जयसिंगआप्पा स्वतः दुकानात आले. रेशनकार्डाची एक प्रत पाहिजे म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला घरची माणसं काय कमी होती? मी प्रत काढली. कार्ड वाकडं पडलं आणि नावं अर्धी कापली गेली. पुन्हा काढली.

"दुकान बेस हाय," आप्पा वर पत्र्याकडे बघत म्हणाले. "पर पाण्याच्या वाटंवर हाय. पाण्याला वाट दिली न्हाई तर पाणी ऐकत न्हाई बघा."

"होय आप्पा."

"तारखेला गाडी पाठवू का न्यायला?"

"नको आप्पा. एस्टीनं जाईन."

"जपून जावा. रस्त्याचं काय सांगता येत न्हाई." सुटे पैसे माझ्या टेबलावर ठेवून ते शांतपणे गेले. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. मी मात्र शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

भित्रा माणूस दोन्हीकडून भितो. मला आप्पांची भीती होती, तशीच त्या कोर्टातल्या वकीलबाईंचीही होती. जैनबीच्या वकील दोशीबाई उलटतपासणीत माणसाला सोलून काढतात असं सगळे सांगायचे. त्यांनी विचारलं, झाड कोणतं होतं, मोरी कुठं होती, तर मी काय सांगणार होतो? ज्या जागेवर मी उभा होतो म्हणून शपथेवर सांगायचं, ती जागा मी जन्मात पाहिली नव्हती. म्हणून तारखेच्या आधीच्या मंगळवारी दुकान बंद ठेवून मी पिंपळडोह फाट्याला उतरलो. मनात कुठंतरी असंही होतं की हवालदारांनी लिहिलंय तसंच असेल. बाई मधूनच चालली असेल. मग माझी झोप तरी परत येईल.

दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंचनाम्याची प्रत माझ्याकडे होतीच, तिच्यावरून मी फाट्यापासून दोनशे पावलं मोजली. डाव्या हाताला एक बाभूळ, तिची रस्त्याकडची फांदी तोडलेली. पुढं मोरी, तिचा उजवा कठडा ढासळलेला. डांबरावर अर्थातच काही नव्हतं, वर्ष उलटून गेलं होतं. मी परत फिरणार, तेवढ्यात बाभळीच्या बुडाशी मातीत काहीतरी हिरवं चमकलं.

मी खाली बसलो. माती बोटानं उकरली. हिरवे, लाल, आमसुली तुकडे. जेवढं उकरावं तेवढे निघत होते. पावसानं माती वाहून गेली असेल, गुरं तुडवून गेली असतील, पण काच कुठं कुजते? टोपलीच्या टोपली तिथं फुटली होती. मी तिथून डांबराच्या कडेपर्यंत पावलं टाकली. पाच भरली. बाई रस्त्याच्या मधे नव्हती. कडेलाही नव्हती. ती पार खाली, मातीत, झाडाखाली होती. गाडी रस्ता सोडून तिच्या अंगावर गेली होती.

मूठभर तुकडे घेतले आणि फाट्याकडे निघालो. आणि मागून गाडीचा आवाज आला.

गाडी आली की ती निघून जाते, आवाज पुढं जातो. हा आवाज पुढं जाईना. तो माझ्या पाठीमागे, माझ्याच चालीनं येत राहिला. मी भरभर चाललो की तो वाढे, सावकाश झालो की मंद होई. मागं वळून बघायची हिंमत होईना. मी डांबर सोडून मातीत उतरलो. चाकंही मातीत उतरल्याचं खडीच्या आवाजावरून कळलं. तोवर मी आयुष्यभर रस्त्यानं चाललो होतो, पण पायी चालणाऱ्या माणसाच्या पाठीला डोळे नसतात ही गोष्ट कधी जाणवली नव्हती.

पांढरी जीप शेजारी येऊन थांबली. संग्राम होता, एकटाच.

"बसा की मामा. सोडतो गावात."

मी बसलो.

"हिकडं कुणीकडं?"

"पाहुणे आहेत फाट्यावर."

"कोण?"

मला एकही नाव सुचेना. तो हसला. मग त्याची नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली. मूठ मी इतकी आवळली होती की बोटांच्या फटीतून रक्त येत होतं.

"हाताला काय झालं?"

"काटा लागला. बाभळीचा."

"जपा मामा," तो म्हणाला आणि गाडी एवढ्या जोरात सोडली की माझं डोकं मागं आपटलं. मला दुकानासमोर उतरवून म्हणाला, "शुक्रवारी कोर्टातबी हाईच मी."

घरी येऊन मूठ उघडली तेव्हा विमल रडायला लागली. मी मात्र ते तुकडे न्हाणीघराच्या मोरीत ओतले आणि वरून पाणी टाकलं. सांगायला लाज वाटते, पण ओतले. मनाशी ठरवून टाकलं, तीन वाक्यं बोलायची आणि सुटायचं.

शुक्रवारी कोर्टात गर्दी नव्हती. जैनबी पहिल्या बाकावर बसली होती, काखेतली कुबडी आडवी मांडीवर घेऊन. चाळिशीची बाई, पण हात मोकळे. बांगड्या विकणाऱ्या बाईचे रिकामे हात मी बघितले आणि नजर वळवली. मागच्या बाकावर आप्पा, संग्राम आणि साध्या कपड्यांतले खरमाटे. शपथ घेताना माझा आवाज इतका बारीक आला की न्यायाधीशांनी ती मला पुन्हा घ्यायला लावली.

आप्पांचे वकील आडके यांनी पंचनामा वाचून दाखवला. घटनास्थळाचा पंचनामा, सुरू सकाळी सव्वाअकरा, संपला अकरा पन्नास. मग मला विचारलं. मी तीन वाक्यं बोललो. एकही चुकलं नाही. आडके समाधानानं खाली बसले.

दोशीबाई उठल्या. साठीच्या, ठेंगण्या, नाकावर घसरलेला चष्मा.

"कोष्टी, तुमचं दुकान ठाण्यासमोर आहे?"

"हो."

"अशा सह्या बऱ्याच करता तुम्ही?"

"बोलावलं की जातो."

"जाता ना? बरं. फाट्यापासून ही जागा किती लांब?"

"दोनशे पावलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "झाड होतं का तिथं?"

"बाभूळ. डाव्या हाताला. रस्त्याकडची फांदी तोडलेली."

"मोरी?"

"पुढं आहे. उजवा कठडा पडलाय."

मी बोलत होतो आणि दोशीबाईंचा चेहरा उतरत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसलो ते. हा माणूस तिथं गेलेलाच नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. ते दाखवलं की पंचनामा रद्दी आणि जैनबी सुटली. मी पूर्वीसारखा घरबसल्या सही ठोकणारा पंच राहिलो असतो तर पहिल्याच प्रश्नाला उताणा पडलो असतो. आता मात्र तालुक्यात माझ्याइतका पक्का साक्षीदार दुसरा नव्हता. जिवाच्या भीतीनं मी ती जागा पाहून आलो होतो आणि त्याच पाहण्यानं त्या बाईचा गळा कापत होतो. थांबावं म्हणत होतो, पण प्रश्न आला की उत्तर आपोआप बाहेर पडत होतं. मागं बसलेल्या संग्रामचे डोळे मला मानेवर लागत होते.

"आणखी प्रश्न नाहीत," दोशीबाई हळूच म्हणाल्या आणि बसल्या.

न्यायाधीश टंकलेखकाला काही सांगू लागले. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला. मोठा नव्हता. शेजारणीला विचारावं तसा.

"दादा, तुमी खरंच हुता व्हय तिथं?"

"बाई, मध्ये बोलू नका," न्यायाधीश म्हणाले.

पण जैनबी त्यांच्याकडे बघतच नव्हती. "सव्वाअकरापास्नं हुता म्हनं. मला अकराला उडिवलं. सूतगिरणीचा बाराचा भोंगा झाला तवा मी त्या बाभळीखालीच पडल्याली. मग दुधाचा टेम्पो आला. एक तास वराडत हुते मी पानी पानी म्हून. कुणीच आलं न्हाई असं मला वाटलं." मी वळून बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, खरोखरचं कोडं होतं. "तुमी हुता तर मला पानी का न्हाई दिलंसा?"

पोलीस लगेच पोचले असं दिसावं म्हणून खरमाट्यांनी ठाण्यात बसून ती वेळ टाकली असणार. दोशीबाईंनी तो कागद शंभर वेळा वाचला असेल, पण किती वेळ पडून होतीस, असं त्या बाईला वर्षभरात कुणी विचारलंच नव्हतं. आणि तिला कायदा कळत नव्हता, सापळा रचणं ठाऊक नव्हतं. तिनं माझ्या शपथेवर सरळ विश्वास ठेवला होता. त्या तासाभरात तिच्याजवळ उभा राहून ओरडणं ऐकणारा आणि पाणी न देणारा माणूस मी, असं ती समजत होती.

आप्पांची भीती होती. जेलची होती. दुकानाची होती. पण तो माणूस आपण आहोत ही भीती मला सोसली नाही.

"नव्हतो," मी म्हणालो.

"काय?" न्यायाधीशांनी मान वर केली.

"मी तिथं नव्हतो, साहेब. सही दुकानात केली. न वाचता केली. मंगळवारी पहिल्यांदा गेलो. बांगड्यांचा चुरा बाभळीच्या बुडाशी आहे, डांबरापासून पाच पावलं. अजून आहे. कुणालाही पाठवून बघा."

आडके ओरडत उठले. मागं बाक जोरात सरकल्याचा आवाज झाला. न्यायाधीशांनी मला विचारलं, शपथेवर खोटं बोलल्याचा अर्थ कळतो का. मी हो म्हणालो. कठडा धरून उभा होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. कोर्टानं माणूस पाठवला, त्यानं चुरा काढला, जागा मोजली. जैनबीला भरपाई एका पैशाची कात्री न लागता मिळाली. माझं दुकान महिन्याच्या आत गटारावरून उठलं. खरमाटे निलंबित झाले, आणि माझ्या सह्यांपायी मी पुढची चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आता वीस वर्षांनी लोक विचारतात, खरं बोलल्यावर हलकं वाटलं असेल नाही? नाही वाटलं. त्या दिवशी कोर्टाबाहेर पडताना मला जेवढी भीती वाटली, तेवढी जन्मात कधी वाटली नाही.

एस्टी स्टँड कोर्टाच्या समोर, रस्त्यापलीकडे. आणि फाटकाच्या डाव्या बाजूला पांढरी जीप फाटकाकडे तोंड करून उभी होती, इंजिन चालू. आत संग्राम, दोन्ही हात स्टिअरिंगवर. माझं पाऊल फुटपाथवरून खाली उतरेना. दोन एस्टी सुटलेल्या मी तिथूनच पाहिल्या.

कुबडीचा ठक ठक आवाज आला. जैनबी शेजारी येऊन थांबली. तिनं जीपकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"मलाबी पलीकडंच जायचंय," ती म्हणाली. "पाय तुटल्यापास्नं येकटीनं रस्ता वलांडला न्हाई मी. रोज थोरली पोरगी असती. आज तिची परीक्षा हाय."

मला काहीतरी बोलायचं होतं. माफ करा म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, तसा तिनं हात वर केला.

"ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिनं माझ्या दंडाला धरलं, मला तिच्या उजवीकडून डावीकडे घेतलं. "गाडीच्या अंगाला तुमी चाला."

आणि आम्ही रस्त्यात उतरलो.